मान तिरकी, दुखणे डोळ्याचे

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, नेत्रतज्ज्ञ मित्रहो आणि आशाताईंनो,

तळ्यांच्या आणि धानाच्या गोंदिया जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१६ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतल्या माणसाला नेत्रतज्ज्ञ अजून दूरच वाटतो.

डोळ्याच्या स्नायूंची इजा हा विषय इथे बोलला जाणे मला फार गरजेचे वाटते. मोहफुले वेचायला पहाटे रानात गेलेल्यावर अस्वल धावते, तेव्हा पंजा अनेकदा चेहऱ्यावरच बसतो. बैलाचे शिंग आणि दुचाकीचे अपघात तर गावोगावचे. जखम शिवली जाते, नजर शाबूत राहते. पण डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एखादा फाटलेला असतो, नाहीतर त्याची नस दुखावलेली असते. मग एकाचे दोन दिसू लागतात. माणूस मान वळवून पाहतो आणि एका कोनात दोन्ही चित्रे जुळतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी उजवी सहावी नस गेली तर चेहरा उजवीकडे वळतो. उजवी चौथी गेली तर मान डाव्या खांद्याकडे झुकते. अशी मान वळवणाऱ्या पोराला घरी-शाळेत ‘मान सरळ धर’ म्हणून बोलणी बसतात, याचे मला वाईट वाटते. नीट दिसावे म्हणून त्याने स्वतःच शोधलेला तो उपाय असतो!

मानेचेच दुखणे समजून शेक आणि मालिश चालू राहते. आशाताईंनो, अशा वेळी रुग्णाचा एक डोळा झाकून पाहा. मान सरळ झाली, तर दोष बहुधा डोळ्याचा. त्याला लगेच आमच्याकडे पाठवा.

नस दुखावली असेल तर साधारण सहा महिने वाट पाहता येते. तोवर डोळ्यावर पट्टी किंवा प्रिझमचा चष्मा. तुटलेल्या स्नायूला मात्र तेवढी सवड नसते. लहान मुलात डोळ्याखालच्या हाडाच्या भेगेत स्नायू अडकला तर एक-दोन दिवसांतच तो सोडवावा लागतो. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, मूल ओकत असते, आणि सगळे डोक्याच्या माराकडेच पाहत बसतात. असे मूल पहिल्याच दिवशी कसे ओळखायचे आणि नागपूरला वेळेत कसे पोहोचवायचे, यावर आज आपण बोलावे, ही माझी कळकळीची विनंती.

अध्यक्षांनी कामकाज सुरू करावे.