सुरतेचा जोडा



२७ डिसेंबर १९०७. सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. बोलू द्यावे म्हणून टिळकांनी आगाऊ चिठ्ठी पाठवली होती, पण तिची दाद लागली नाही. तेव्हा ते व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. एवढ्यात मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. तांबूस चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर बसला आणि तिथून उसळून फिरोजशहा मेहतांना लागला. मग काठ्या, खुर्च्या, धक्काबुक्की. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

टिळकांचा जहाल पक्ष आणि गोखल्यांचा मवाळ पक्ष यांच्यातला मतभेद खरा होता, मोठाही होता. पण पुण्याच्या माणसांच्या मनातली अढी त्याहून जुनी होती. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तेव्हा वाद होता आजीव सदस्यांनी बाहेर मिळकत करावी की नाही याचा. पुढे पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. एकाच गावातली ही माणसे; टिळक आणि गोखले तर एकाच कॉलेजात शिकवत होते. वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी निघत राहिली आणि प्रत्येक शब्द कुणीतरी मनात जपून ठेवला.

सुरतेतली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. चिडलेले तरुण टिळकांच्या अंगावर धावले, तेव्हा दोन्ही हात पसरून त्या तरुणांना आडवे झाले ते गोखले! नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने ते डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. जोड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्या हातांची फार थोड्यांना. हे चुकते आहे.

सुरतेत पडलेली काँग्रेसमधली फूट नऊ वर्षे टिकली. त्यातली सहा टिळकांची मंडालेच्या तुरुंगात गेली. ते सुटून आल्यावर समेटाची बोलणी सुरू झाली आणि पुन्हा संशयात अडकली. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि जमलेल्या लोकांसमोर त्यांनी गोखल्यांचा मनापासून गौरव केला.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला दोन्ही पक्ष एका मंडपात बसले. तिथे गोखले नव्हते.