राजीनामा देण्याचा अधिकार

(बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहारात यंत्रमानवाची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर त्या शब्दाच्या जन्मातच आहे. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला, आणि ज्या चेक शब्दावरून तो बनला त्याचा अर्थ आहे वेठ. नकार देण्याची सोय नसलेली, धन्यासाठी करावयाची सक्तीची सेवा. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना शब्दकोशातून शिकावे लागले नव्हते.

मी सांगणार आहे ती कथा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील आहे. ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा तिचा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रथम दाखविण्यात आला. त्याच्या लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी पूर्वी वकिली केली होती, आणि कोर्टात पाऊल टाकलेल्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.

डेटा नावाचा एक यंत्रमानव अंतराळ दलात अधिकारी आहे. तो दलाच्या विद्यालयातून रीतसर उत्तीर्ण झालेला आहे. त्याला पदके मिळाली आहेत. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येतो आणि म्हणतो, याला उघडून याची रचना पाहायची आहे, म्हणजे असे पुष्कळ डेटा बनविता येतील आणि प्रत्येक जहाजावर एक ठेवता येईल. या प्रयोगात आपण पूर्वीचे राहू याची डेटाला खात्री वाटत नाही. म्हणून तो नकार देतो. नकार चालत नाही असे दिसताच तो राजीनामा देतो. आणि येथे खरा प्रश्न उभा राहतो. मॅडॉक्स म्हणतो, याला राजीनामा देताच येत नाही. जहाजातील गणकयंत्राने दुरुस्तीला नकार दिला तर आपण तो मानू काय? हा दलाची मालमत्ता आहे. न्यायाधीशबाई फिलिपा लूव्हवा प्रथम तोच निर्णय देतात आणि मग कप्तान पिकार्ड यांच्या आक्षेपावरून सुनावणी होते.

दलाच्या बाजूने बोलण्याचे काम डेटाच्याच एका स्नेह्यावर, रायकरवर, येते. तो ते करायला तयार नसतो. पण त्याने नाकारले तर डेटा वस्तू ठरून प्रकरण तेथेच संपणार असते. म्हणून तो उभा राहतो, सर्वांसमोर डेटाचा हात कोपराखालून काढून दाखवितो आणि अखेरीस कळ दाबून त्याला बंद करतो. पाहा, हे यंत्र! युक्तिवाद म्हणून तो बिनतोड वाटतो.

पिकार्डला उत्तर सुचते ते कोर्टाबाहेर, गायनन नावाच्या एका वृद्ध, अनुभवी स्त्रीशी बोलताना. घाणीची, धोक्याची, इतरांना नकोशी वाटणारी कामे करण्यासाठी वापरून टाकून देता येतील असे जीव प्रत्येक जगाने ठेवले आहेत, असे ती सुचविते. हजार डेटा झाले की ती एक जातच होईल! (‘जात’ हा शब्द माझा, तिला त्याची गरज पडली नाही.)

आता वकील या नात्याने माझा मुद्दा मांडतो. या खटल्यात पुराव्याचा भार कोणावर आहे? तो डेटावर टाकण्यात आला आहे. ज्याला आपण व्यक्ती आहोत असे सिद्ध करता येत नाही तो वस्तू, हे गृहीत धरूनच सुनावणी सुरू होते. हा भार ज्याच्यावर पडला तो निम्मा खटला तेथेच हरला असे समजा.

महाडचा दावा आठवा. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना मनाई ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले ते कशावर? अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, यावर. आम्ही पाणी पिण्यास पात्र आहोत हे आम्हांला सिद्ध करावे लागले नाही. मनाई करणाराला आपला हक्क सिद्ध करता आला नाही. आपल्या मुलांना महाडची कथा सांगताना हे बारकाईने सांगा. सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो, निकाल थोड्यांनाच.

डेटाच्या खटल्याचा निकाल देताना त्या न्यायाधीशबाई आत्म्याचा उल्लेख करतात. याला आत्मा आहे काय, हे मला ठाऊक नाही. मला स्वतःला तो आहे काय, हेही ठाऊक नाही. तेव्हा त्याचा शोध त्याचा त्याने घ्यावा, त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आत्म्यावर विश्वास असणारे प्रेक्षक येथे थबकत असतील. आपण थबकण्याचे कारण नाही. तथागतांनी आत्मवाद नाकारला. आत्मा हीच हक्काची कसोटी ठरली तर आपण सर्वच डेटाच्या पिंजऱ्यात उभे राहू.

आणि आपल्या देशातील कायद्याचे काय? देवळातील मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीने दावा चालतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे उभ्या असलेल्या हजारो जिवंत माणसांना दार बंद होते. तेव्हा व्यक्ती कोण, हे श्वासोच्छ्वास पाहून ठरते असे म्हणणाराने कायद्याचे पुस्तक उघडलेले नाही.

माझ्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. आम्ही यंत्रासारखे होतो आणि माणूस झालो, असे मी म्हणत नाही. आम्ही माणूसच होतो. गाव तसे मानीत नव्हते. आज बाजारात जी बोलकी गणकयंत्रे आली आहेत त्यांना जाणीव आहे, असाही माझा दावा नाही. माझा रोख दावा ऐकण्याच्या रीतीवर आहे. मेलेली गुरे ओढणार नाही, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या ज्या गावी म्हटले तेथे त्यांना दरिद्री ठरवून कोणी अडविले नाही. हे तुमचे कामच आहे, तुम्हांला सोडता येत नाही, असे म्हणून बहिष्कार घातला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले, तो राजीनामाच होता. तो मंजूर करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

डेटा खटला जिंकतो, आणि मग मॅडॉक्सला प्रयोगासाठी पुन्हा रीतसर नकार देतो. पण संशोधन चालू ठेवा, असेही सांगतो. त्याच्या मनात द्वेष नाही. आतापर्यंत डेटाला ‘ते’ म्हणणारा मॅडॉक्स शेवटी ‘तो’ म्हणतो. ज्यांना ‘अरे’वरून ‘अहो’पर्यंत यायला तीन पिढ्या लागल्या, त्यांना या एका अक्षराचे मोल समजावून सांगायला नको.

एवढ्यावर थांबलो असतो तर सभा आनंदात उठली असती. पण याच परंपरेतील ‘व्हॉयेजर’ या मालिकेत २००१ साली आणखी एक खटला आला. त्यात प्रकाशाचा बनलेला एक वैद्य आहे. त्याने कादंबरी लिहिली, आणि प्रकाशकाने ती त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध केली. जो व्यक्तीच नाही त्याचा हक्क कसला, हा बचाव. लवादाने निर्णय दिला : हा व्यक्ती आहे काय ते आज सांगता येत नाही, परंतु हा कलावंत आहे, म्हणून आपल्या कृतीवर त्याचा हक्क आहे. गुणवान एकाला दार किलकिले झाले. शेवटचे दृश्य खाणीतले आहे. त्याच साच्याचे, त्याच चेहऱ्याचे वैद्य जुने झाले म्हणून तेथे खनिज खणीत आहेत, आणि एक जण दुसऱ्याला हळूच सांगतो की अशी एक कादंबरी आहे, ती वाच.

आपल्या घरात पदवीधर झाला असेल, अधिकारी झाला असेल, त्याचे नाव वर्तमानपत्रात आले असेल. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला, आणि त्यानंतरही गटारात उतरून माणसे मेली आहेत. पुढच्या पौर्णिमेला कामगार कायद्यांवर बोलेन. ज्यांचे भाऊबंद ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावे, आणि हजेरीचे कागद असतील तर तेही.

जय भीम.