परवलीचा शब्द आणि त्याची पारख

श्रोतेहो, छावणीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द विचारला जाई, तेव्हा पहारेकऱ्याला निदान येणाऱ्याचा चेहरा आणि आवाज पारखता येई. केवळ शब्दावर विसंबणाऱ्या संगणकाला दुसरी ओळख नसते. शिवाय हा शब्द ज्याचा तो निवडतो. दुबळेपणा शिरतो तो इथूनच.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये अशा ३,२८९ शब्दांची तपासणी प्रसिद्ध केली. १५ जणांनी एकच अक्षर निवडले होते, ७२ जणांनी दोन, ४६४ जणांनी तीन! आणखी ४९२ शब्द शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडले. एकूण ८६ टक्के शब्द दुबळे ठरले. ग्रंथालयाचे भूषण असलेला शब्दकोश चोराच्या हातीही तितकाच उपयोगी पडतो, हे ग्रंथप्रेमींना खटकेल. पण ते खरे आहे.

ही तपासणी होते कशी? सुव्यवस्थित प्रणालीत मूळ शब्द ठेवलेलाच नसतो, त्याचे दळलेले पीठ असते. पिठातून गहू परत मिळत नाही. मात्र कोशातील एकेक शब्द तसाच दळून ताडून पाहता येतो. म्हणून मॉरिस-टॉम्पसन यांनी दळताना प्रत्येकाच्या शब्दात निराळी भर घालण्याची युक्ती सांगितली. तिचे नावच ‘मीठ’! त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ सहसा वेगळे निघते. दैवयोग असा की १९८८ मध्ये याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेल्या संगणकी किड्याजवळ अंदाजासाठी ४३२ शब्दांची यादी होती.

सहा लहान रोमन अक्षरांचे सुमारे ३० कोटी ८९ लाख प्रकार होतात. आजच्या यंत्राला तेवढे क्षुल्लक आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने लांबीवर भर दिला, नवा शब्द फुटलेल्या शब्दांच्या यादीशी ताडावा असे सांगितले आणि ठराविक मुदतीने तो बदलण्याची सक्ती अनावश्यक ठरवली.

इंदूरकराला ‘राजवाडा’, ‘अहिल्या’ किंवा नातवाचे नाव आणि जन्मसाल सुचणे स्वाभाविक आहे. परक्यालाही पहिल्यांदा तेच सुचते. सभासदाने कोणते ग्रंथ नेले, त्याचा पत्ता कोणता, हे सारे त्या एका शब्दामागे असते. त्यापेक्षा ‘पागोळी तराजू बोरू खलबत्ता’ असे एकमेकांशी नाते नसलेले शब्द, डोळे मिटून कोशातून काढलेले, अधिक बरे. अर्थात, भरसभेत उच्चारला गेल्यामुळे हा नमुना आता कोणाच्याच उपयोगाचा उरलेला नाही.