निळ्या तबकडीतील बाळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



इटलीतील प्रबोधनकाळाची कला म्हटली की मोनालिसा आणि मायकेलअँजेलो ही नावे आपल्या ओठांवर येतात. त्यांना येथूनच नमस्कार करून मी आज फ्लॉरेन्समधील एका अनाथालयाविषयी बोलणार आहे.

टाकून दिलेल्या मुलांसाठी घर बांधावे, असे तेथील रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने ठरविले आणि १४१९ साली ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे काम सुरू झाले. त्याने चौकाकडे तोंड करून एक लांबलचक ओसरी काढली. खांबाची जेवढी उंची, तेवढेच दोन खांबांतील अंतर आणि तेवढीच ओसरीची रुंदी! डोळ्यांना निवांत वाटावे असे ते प्रमाण. प्रबोधनकाळातील वास्तुकलेचा आरंभ येथून मानतात. पुढल्या शतकात चौकातील समोरच्या इमारतीनेही तशीच ओसरी घेतली. ज्यांना घर नाही त्यांच्या घराची नक्कल इतरांनी करावी, हे मला फार आवडते.

५ फेब्रुवारी १४४५ रोजी तेथे पहिले मूल आले. ती मुलगी होती. संत आगाथाचा तो सण, म्हणून तिचे नाव आगाथा ठेवले. सुरुवातीच्या काळात येणाऱ्यांत मुलीच अधिक असत. कारण सांगावयास हवे का? हुंडा तिकडेही होता. संस्थेला आपल्या मुलींच्या हुंड्याची तजवीज करावी लागे.

ओसरीच्या कमानींमध्ये गोल खोबणी होत्या, त्या कित्येक वर्षे रिकाम्याच राहिल्या. १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने त्यांत भाजक्या मातीची, झिलई दिलेली बाळे बसविली. निळ्या तबकडीवर पांढरे बाळ, दोन्ही हात पुढे केलेले. काही बाळे पट्ट्यांत घट्ट गुंडाळलेली, तर काहींचे पट्टे सुटून खाली लोंबताहेत. दुपट्यातून पाय झाडणारे मूल आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. त्या मूर्तिकारानेही ते नीट पाहिले असणार. त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय नाही की पाठीला पंख नाहीत. कुणाचे तरी मूल, एवढेच.

याच संस्थेने १४८५ साली घिर्लांदायो या चित्रकाराशी एका मोठ्या चित्राचा करार केला. मोबदला ११५ फ्लोरिन. शिवाय निळा रंग औंसाला चार फ्लोरिनांच्या आसपासचाच हवा, अशी अट! दुधावाचून मुले दगावत असता हा खर्च कशाला, असे आपल्यापैकी कुणी विचारील. मीही विचारते. खेड्यांतील दायांकडे दुधासाठी पाठविलेली कितीतरी बाळे परत आलीच नाहीत, हे खरे आहे. चित्राची बाजू मी घेणार नाही. पण ओसरीवरच्या त्या बाळांबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. ती रस्त्यावर होती, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. आणि ज्यांचा उच्चार घरात दबल्या आवाजात होई, त्यांना भर चौकात, उंचावर जागा मिळाली होती.

मूल सोडताना आया त्याच्या अंगावर एखादी खूण ठेवीत. कधी मणी, कधी अर्धे तोडलेले पदक. उरलेला अर्धा भाग आईजवळ राही, म्हणजे दिवस पालटले तर जुळवून मूल परत नेता यावे. त्या खुणा आज तेथल्या संग्रहालयात आहेत.

ज्या खिडकीतून मुले आत ठेवीत, ती १८७५ साली बंद झाली. संस्था मात्र आजही मुलांसाठी काम करते, आणि १९८८ साली युनिसेफचे संशोधन केंद्रही त्याच वास्तूत सुरू झाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या चिन्हासाठी देल्ला रॉब्बियाचेच बाळ निवडले. एखाद्या वैद्यकीय पुस्तकावर पट्ट्यांत गुंडाळलेले, हात पसरलेले मूल दिसले, तर ते फ्लॉरेन्सच्या ओसरीवरून आलेले आहे, हे आता आपल्या ध्यानात येईल.