चर्चशेजारचं बर्फघर



नववीत इतिहासाच्या बाईंनी आपल्याला फोर्टात पायी फिरवलं होतं, आठवतंय? लायन गेटसमोर, भर उन्हात, पांढऱ्या खांबांच्या आणि निमुळत्या मनोऱ्याच्या एका चर्चपाशी आपण थांबलो. बाई म्हणाल्या, "हे सेंट अँड्र्यूज. 1819 सालचं, स्कॉटलंडच्या लोकांचं." इंग्रजांचं सेंट थॉमस तर 1718 पासून जवळच होतं. मग हे वेगळं कशाला? स्कॉटिश लोक प्रेसबिटेरियन. त्यांच्यात बिशप नसतो, मंडळींमधून निवडलेले वडीलधारे कारभार बघतात. 1813 च्या सनदेनंतर कंपनीने स्कॉटिश धर्मगुरू नेमायला सुरुवात केली आणि त्यातून हे चर्च उभं राहिलं.

मग बाईंनी विचारलं, "याच्या शेजारी काय दिसतं?" मी मोठ्यांदा म्हणाले, "काही नाही!" सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे बर्फघर होतं."

1834 मध्ये मुंबईत पहिल्यांदा अमेरिकेचा बर्फ आला. बॉस्टनजवळच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या, भुशात गुंडाळून, आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करत. तो साठवायला 1843 मध्ये चर्चशेजारी घुमटाचं बर्फघर बांधलं. पुढे बर्फ इथेच यंत्रावर होऊ लागला, बर्फघराचं काम संपलं, आणि काही वर्षांनी ते पाडलं. चेन्नईचं बर्फघर वाचलं, कारण त्याचं घर झालं. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते, आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

नोकरीची एकतीस वर्षं मी त्याच रस्त्याने गेले. समोरची ग्रेट वेस्टर्न इमारत रोज बघितली. आधी तिथे बड्या साहेबांचं घर, मग न्यायालय, मग हॉटेल. माणसं बदलली, वापर बदलला, भिंती राहिल्या. चर्चमध्ये उपासना सुरूच राहिली, 1970 पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. किल्ल्याचा तट 1860 च्या दशकात पाडला, तरी आपण 'फोर्टात जाते' म्हणतो. काळा घोडा 1965 मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, तरी बसचा कंडक्टर 'काळा घोडा' अशीच हाक देत असे. बर्फघराचं मात्र तिथे नावही कोणाच्या तोंडी नाही. मला ते ठाऊक आहे, कारण बाईंनी सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. पुढच्या वर्षी आपल्या शाळेची जुनी इमारत पाडणार आहेत. माझा विरोध नाही. मी वर जाऊन आले, तुळया कुजल्यात, पोरांना तिथे बसवणं बरं नाही. नव्या इमारतीत वर्ग भरतील, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जिथे आपण अंगठे धरून उभे राहिलो, तिथे उद्या एखादी मुलगी येईल आणि "इथे काय होतं?" या प्रश्नाला "काही नाही" म्हणेल. तिला सांगायला कोणीतरी हवं.

म्हणून प्रत्येकाने अर्धं पान लिहून द्या. पाण्याची टाकी कुठे होती, तुम्ही कोणत्या खिडकीशी बसायचात, डबा कुठल्या पायरीवर खायचात. छान लिहिता आलं नाही तरी चालेल, जागा बरोबर सांगा. ते सगळं एका नकाशावर मांडून नव्या इमारतीच्या दाराशी लावू, असं शाळेने कबूल केलं आहे. बाई तो लाल शाईने तपासणार आहेत.

पहिली चूक माझीच निघाली. मी घंटा जिन्याच्या डावीकडे काढली, बाई म्हणतात उजवीकडे. ज्याला नक्की आठवत असेल, त्याने जेवणाआधी मला येऊन सांगावं.