आश्रमशाळेतील मूल आणि मास्तरांची जबाबदारी

मंडळी, परवा भाईंदर स्टेशनबाहेर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. डोंगराकडल्या एका आश्रमशाळेत तो मास्तर आहे. चहा घेता घेता त्याने विचारले, "सर, वसतिगृहातली एखादी पोर नको ते घडल्याचं सांगू लागली आणि आपल्यापाशी पुरावा नसला, तर काय करावं? संस्थेचं नाव जातं हो!"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर तुम्हांलाही सांगतो. पुरावा शोधणे हे मास्तरांचे कामच नव्हे. २०१२ सालचा पॉक्सो कायदा सांगतो की, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवलेच पाहिजे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले की आपण सुटलो, असे नाही. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर वर्षापर्यंत. सद्‌भावनेने कळवणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचेच पाहा. २०१९ साली तेथील एका शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. या मुलींना ज्या डॉक्टरांकडे नेत, त्यांच्यावरही, कळून न कळवल्याचा, आरोप आला. नागपूर खंडपीठाने त्यांच्यापुरते प्रकरण रद्द केले. सरकार वर गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले आणि बजावले, की माहीत असून गप्प राहणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याने बहुधा अपराध्यालाच आडोसा मिळतो. डॉक्टर दोषी ठरले असा याचा अर्थ नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण 'मी कुठं काय केलं?' एवढे म्हणून आता भागत नाही.

राहिले संस्थेचे नाव. कॅनडात दीड लाखावर आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले होते. बहुतेक शाळा चर्च चालवीत. अल्बर्नीच्या शाळेतल्या वसतिगृहाच्या पर्यवेक्षकाला अत्याचारांबद्दल १९९५ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली. 'नोकराने केले, आमचा काय संबंध?' ही पळवाट तिथेही चालली नाही. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा बारा आणे भार सरकारवर आणि चार आणे चर्चवर टाकला.

पालकांनो, पोलीस ठाण्याची पायरी चढायची धास्ती नको. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यावयाचा असतो. मदतीला १०९८ हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने तो आकडा तिकिटामागे टिपून घेतला. मी म्हटले, "अरे, खिशात कशाला? वसतिगृहाच्या भिंतीवर लिही. पोरींना वाचता येईल इतका मोठा."