लाइन, बॅटरी आणि ऊन

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



माझ्याआधी डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले. मी खांबावर चढणारा माणूस. १९८७ साली वीज मंडळात लागलो, २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, तरी माझा खांब तोच राहिला. २०२४ मध्ये निवृत्त झालो. आयोजकांनी 'तुझ्या कामातलं काही सांग' म्हटलं, तेव्हा जुन्या आठवणी सांगायचं ठरवलं होतं. पण सकाळी पोहे खाता खाता सात-आठ जणांनी मला कोपऱ्यात घेतलं. एकाला छपरावर सोलर बसवायचं आहे. एकीच्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांतच गेली. शेती करणाऱ्यांचा प्रश्न एकच: झटका मशीन मारत नाही, डुकरं आत येतात. म्हणून आठवणी बाजूला ठेवतो.

आपला अमेरिकेतला मित्रही त्या घोळक्यात होता. त्याने तिकडे कॅराव्हॅन घेतली आहे, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकावरची खोली. मुक्कामाच्या जागी खांबावरच्या सॉकेटातून वायर घ्यायची, वाटेत बॅटरीवर भागवायचं, छपरावर सोलरचं पॅनल. बंदराला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देतात, त्यावरून त्या वायरीला तिकडे किनाऱ्याची वीज म्हणतात. ही भानगड सुरक्षित कशी सांभाळायची, असं तो विचारत होता. मी म्हटलं, राजा, तुझी चाकावरची खोली आणि आपल्या केळापूर तालुक्यातलं कुठलंही घर यांत आता फरक उरला नाही. घरात लाइन आहे, जिन्याखाली बॅटरी आहे, छपरावर नाही तर शेतात पॅनल आहे. तीन विजा एकाच उंबऱ्याआत नांदतात.

तिघींपैकी एकटी कुठलीही फारशी दगा देत नाही. एक कमी पडते आणि माणूस घाईघाईत दुसरीला तिच्या जागी जोडतो, तेव्हा जीव जातो. इतक्या वर्षांत मी पाहिलेले बरेचसे अपघात याच जातीचे. झटका मशीनपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे माणसं तिथेच जास्त मरतात.

पराटी फुटायला लागली, हरभरा वर आला की रोही आणि रानडुकरं रात्रीतून एकरभर साफ करतात. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांत जागलीला जाणाऱ्याला डुकराच्या मागे वाघाचीही धास्ती. त्यामुळे तारेचं कुंपण आणि झटका मशीन ही चैन नाही, हे मला पुरतं माहीत आहे. या मशीनमध्ये असतं काय? १२ व्होल्टची बॅटरी, ती भरायला छोटं पॅनल, आणि त्यातून तारेत साधारण सेकंदाला एक ठोका. ठोका आठ-दहा हजार व्होल्टचा. आणि घरातली लाइन २३० व्होल्टची. मग दहा हजारांनी माणूस मरत नाही आणि २३० नी कसा मरतो? आपल्या विज्ञानाच्या सरांनी हा प्रश्न परीक्षेत घातला असता तर अर्धा वर्ग नापास झाला असता.

उत्तर काळात आहे. चांगल्या मशीनचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि पुढचा ठोका यायला किमान एक सेकंद जातो. त्या सेकंदात जनावर मागे उडी मारतं, माणूस हात काढतो. या मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याच्या ऊर्जेलाही मर्यादा आहे, ५ जूल. एक किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून पडलं तर जेवढी ऊर्जा, साधारण तेवढीच. लाइनचा करंट ठोक्याने येत नाही, अखंड येतो. मुठीचे स्नायू आखडतात, तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही, आणि हृदयाची लय बिघडते. त्याला थोडेसे मिलिअँपिअर पुरतात.

आता श्रावण-भादव्यातलं चित्र बघा. आठ-आठ दिवस आभाळ. पॅनलवर धूळ नाही तर पाखरांची विष्ठा, वरून बाभळीची सावली. खालच्या तारेला गवत टेकलेलं, त्यामुळे ठोका जनावराला लागायच्या आधीच जमिनीत जिरतो. बॅटरी उन्हाळाभर कोठ्यात रिकामी पडून अर्धी मेलेलीच होती. मशीन टकटक करायचं थांबतं. त्याच रात्री कळप येतो. आणि शेजारून मोटरपंपाची लाइन गेलेली असते. मला एका शेतकऱ्याने तोंडावर विचारलं होतं, "भाऊ, बॅटरी मेली त मंग काय करू? डुकरं थोडीच थांबते?" त्याचा प्रश्न खोटा नव्हता. पण तारेत सरळ लाइन सोडली की पहाटे ती तार कोणाला सापडेल ते सांगता येत नाही. शेजारच्या शेतात पाणी द्यायला निघालेला माणूस असतो, गुराखी पोर असतं, कित्येकदा सोडणारा स्वतःच असतो. विदर्भात वाघही असेच मेले आहेत. त्यानंतर मनुष्यवधाचा गुन्हा, २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली वीजचोरी, आणि वन्यप्राणी असेल तर १९७२ चा कायदा. पण कायद्याच्या भीतीने कोणी थांबल्याचं मी फारसं पाहिलं नाही. मशीन चालू राहिलं की माणूस थांबतो.

म्हणून माझं म्हणणं असं की, कार्तिकातला जीव वाचवायचा तर बॅटरीकडे ज्येष्ठातच बघा. उन्हाळ्यात ती घरी आणून महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. पॅनल सावलीबाहेर, दक्षिणेकडे तोंड करून. खालच्या तारेखालचं गवत कापलेलं. मशीनचं अर्थिंग ओल टिकते अशा जागी; आपली काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग सुटतं आणि झटका बोथट होतो. आणखी एक बाब दुकानदार सहसा सांगत नाही. बॅटरी तारेला आणि मशीनला जोडलेली असताना तिला लाइनवरचा चार्जर लावू नका. स्वस्त चार्जर आतून फुटला तर लाइन थेट कुंपणात. बॅटरी सोडवा, घरी न्या, भरा, परत आणा. जड आहे, ठाऊक आहे. पोराला सोबत घ्या.

आता खांबावरची गोष्ट. नव्वदच्या दशकातला जून, वादळाने ११ के.व्ही.ची तार तुटलेली. सबस्टेशनमधून रीतसर परमिट घेतलं, ए.बी. स्विच उघडला, लाइन बंद. माझा जोडीदार वर चढला आणि नियमाप्रमाणे तारेला हात लावायच्या आधी डिस्चार्ज रॉड टेकवला. ठिणगी उडाली. बंद लाइनवर! पुढच्या वस्तीत लग्न होतं. लाइट गेली म्हणून मंडपवाल्याने जनरेटर सरळ घराच्या बोर्डात जोडला होता, मेन स्विच खाली न पाडता. करंट मीटरमधून उलटा डीपीत गेला. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. वरून ११,००० आले तर खाली ४१५ देतो आणि खालून ४१५ आले तर वर ११,००० करतो. आम्ही पोचलो तेव्हा वऱ्हाड जेवत होतं. कोणाला काही कल्पनाच नव्हती. माझा जोडीदार आज नातवाला शाळेत सोडायला जातो, तो त्या रॉडमुळे. सगळेच लाइनमन इतके नशीबवान नसतात.

तेव्हा ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवा. त्याचा दांडा एका वेळी एकीकडेच जातो, लाइनकडे नाही तर जनरेटरकडे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर काही घरांत असते. ती आज घरी गेल्यावर कापून टाका. अमेरिकेच्या मित्रा, तुझ्या गाडीतही हाच स्विच बघ, फक्त तो बहुधा आपोआप पलटणारा असेल.

छपरावरच्या सोलरबद्दल फार बोलत नाही. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे चौकशा वाढल्या आहेत. तक्रार एकच, 'सोलर असूनही लाइट जाते.' बरोबर आहे, जायलाच पाहिजे. लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद पडतो, तो आत्ताच सांगितलेल्या खांबावरच्या माणसासाठी. दुसऱ्या इन्व्हर्टरची वीज दाखवून त्याला फसवायचे उद्योग करू नका. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो.

आणि पॅनलला बटण नसतं. ऊन आहे तोवर ते चालूच. आठ-दहा पॅनल एका माळेत जोडले की तीन-चारशे व्होल्ट डी.सी. होतात. आपली नेहमीची लाइन सेकंदाला शंभर वेळा शून्याला येते, म्हणून ठिणगी विझते. डी.सी. शून्याला येतच नाही, म्हणून ठिणगी ताणत जाते आणि वायर पेटते. डी.सी.ला डी.सी.चाच एम.सी.बी. हवा, आणि भर उन्हात जोड उपटायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डी.सी.चा एम.सी.बी.

आता बॅटरी. १२ व्होल्टला काय घाबरायचं, असं म्हणतात. शॉक लागत नाही हे खरं. पण दोन्ही टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. हातात अंगठी किंवा बांगडी असेल तर बोटासकट. म्हणून काम करताना दागिने काढा, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज ठेवा. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला भडकतो. आमच्या गल्लीत एका घरी बॅटरी देवघराच्या ओट्याखाली होती, वर समई. काकूंना सांगितलं, देव हलवायचा नसेल तर बॅटरी हलवा. त्यांनी बॅटरी हलवली. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको. आपल्या बोअरच्या पाण्याने दात खराब होतात, तर बॅटरीचं काय होणार!

ज्या मैत्रिणीची बॅटरी दोन वर्षांत गेली तिला मी हिशेब विचारला. १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-अवर. आयुष्य टिकवायचं तर अर्धीच वापरायची. दोन पंखे आणि चार दिवे, २०० वॅट धरले तर चार तास. तिच्याकडे त्यावर फ्रिजही होता. लिथियमची बॅटरी जास्त सोसते, पण तिला तिचाच चार्जर लागतो. आणि अमेरिकेत थंडी शून्याखाली गेली की ती चार्ज करायची नाही, आत कायमची बिघडते. पांढरकवड्याला ती काळजी नाही, आपल्याकडे ४५ अंशांची आहे.

कोणाला करंट लागलाच तर धावत जाऊन मिठी मारू नका; एकाच्या मागे दोघं जातात. आधी मेन बंद. घरातली लाइन असेल आणि मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करा. वरची ११ के.व्ही. असेल तर लाकूडही नाही, लांब उभे राहून १९१२ ला फोन लावा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा, १०८ येईपर्यंत थांबू नका. डॉक्टर मित्र आहेत, ते दुपारी करून दाखवतील.

मी मीटर आणलं आहे. दोघांनी झटका मशीन गाडीत घालून आणलं आहे म्हणतात. जेवण झालं की शाळेच्या मागच्या कुंपणापाशी या, उघडून बघू.